मशीन लावलंय ना, मग पाय का चाचपता सिस्टर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच, आणि बहुतेक वेळा रात्रीच. पेशंटचा नुकता डोळा लागलेला असतो, मी येऊन पांघरूण सरकवते, पाऊल हातात घेते, बोटं हलवायला सांगते, आणि शेजारी बसलेला मुलगा म्हणतो, अहो सिस्टर, मॉनिटर लावलाय ना, सगळं दिसतंय तिथे, झोपू द्या की त्यांना.

मला राग येत नाही, बापाची झोप मोडू नये असं वाटणारच. पण मॉनिटरवर ठोक्यांची जी रेघ पळते ना, ती हृदयातली वीज आहे. वीज नीट चालू आहे एवढंच ती सांगते. त्या विजेने हृदय आकुंचन पावलं का, रक्त बाहेर पडलं का, पडलं तर पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलं का, हे त्या रेघेत नसतं. अगदी टोकाचं सांगायचं तर रेघ छान दिसतेय आणि मानेला हात लावला तर नाडीच नाही, असंही होतं, त्याला पीईए म्हणतात आणि तिथे लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, सुरू करावा लागतो. आणि बोटाला लावलेली ऑक्सिजनची क्लिप, ती हाताला असते, पायाचं काय झालंय ते तिला कुठून कळणार.

जांघेतून, म्हणजे तिथल्या धमनीतून नळी घालून, हृदयाची अँजिओप्लास्टी झाली की पाय सरळ ठेवून झोपायला सांगतो, आणि पहिला तासभर साधारण दर 15 मिनिटांनी बघतो, मग अर्ध्या तासाने, मग तासाने. जांघेत सूज किंवा टणक गाठ येतेय का, पाऊल दुसऱ्यापेक्षा गार आहे का, पांढरं पडलंय का, मुंग्या येतात का. नख दाबून सोडलं की दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. आणि नाडी, एक पावलाच्या वर आणि एक आतल्या घोट्याच्या मागे. काहींना पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून प्रोसिजरच्या आधीच बघून ठेवायचं आणि जिथे लागली तिथे पेनाने फुली मारायची. ही फुली मला कुठल्याही मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडलीय.

एक काका होते, रात्रीचे दोन वाजलेले. ठोके 78, बीपी ठीक, ऑक्सिजन 98, स्क्रीनवर नाव ठेवायला जागा नाही. दोन्ही पावलं धरली तर उजवं गार. खूप नाही, पण डाव्यापेक्षा नक्की गार. काका म्हणाले, पाय जरा जड वाटतोय, एका कुशीवर वळता येत नाही ना म्हणून असेल. फुलीवर बोट ठेवलं, काही नाही. जेल लावून डॉपलर, म्हणजे रक्त वाहतानाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र, ठेवला, तासाभरापूर्वी तिथे छान भुस्स भुस्स ऐकू आलं होतं, आता नुसती खरखर. डॉक्टरांना उठवलं, पायाच्या धमनीत गुठळी होती, त्याच रात्री काढली. पायाचं रक्त एकदम बंद झालं तर साधारण 6 तासांच्या आत परत सुरू व्हावं लागतं, उशीर झाला तर स्नायू आणि नसा कायमच्या जातात. सकाळच्या राऊंडची वाट बघितली असती तर तो वेळ हातातून गेलाच असता.

तसंच पाठीचं. जांघ बाहेरून स्वच्छ दिसते आणि पेशंट म्हणतो कंबर दुखतेय, तर मी गादीला दोष देत नाही, आधी बीपी घेते, कारण रक्त आत पोटाच्या मागे साचत असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही.

हार्ट फेल्युअरवाल्यांचं, म्हणजे ज्यांचं हृदय रक्त ढकलायला कमी पडतं त्यांचं, रोज सकाळी वजन का, आडवं पडल्यावर दम लागू नये म्हणून उशा किती लागल्या असं का विचारते, तेही याच्यातलंच. 1 लिटर पाणी अंगात साठलं की काटा 1 किलो पुढे जातो, आणि हे दम लागायच्या आधी कळतं. घरी गेल्यावरसुद्धा 3 दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर फोन करा, कमी खाल्लं की उतरेल म्हणून थांबू नका. आणि एकच पोटरी सुजली, दुखायला लागली तर कृपा करून चोळू नका, आत गुठळी असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. प्रेमाने पाय चेपून देणारे नातेवाईक मी खूप बघितलेत, त्यांना थांबवताना जीवावर येतं पण थांबवते.

तर झोपमोड होते हे मान्यच. मी मोठा लाईट लावत नाही, छोटा टॉर्च घेते, हात आधी चोळून गरम करते कारण माझेच हात गार असले तर मला फरक काय कळणार. तुम्ही जागेच असाल तर तुम्हीही बघा, हाताची पालथी बाजू एकदा या पावलाला, एकदा त्या पावलाला. एक गार लागलं तर बेल दाबा, माझी पुढची वेळ व्हायची वाट बघू नका. आणि अंग पुसताना ती पेनाची फुली तेवढी राहू द्या, सकाळच्या ड्युटीच्या सिस्टरला ती लागते.