पश्चिम कुठली? पाणचक्की ते खुलताबाद, दोन दिवस

परभणीत वाढलेल्या माणसाला दर्गा नवा नसतो. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरला की पाळण्यात बसायचं, रेवड्या घ्यायच्या, चौकटीला हात लावून कपाळाला लावायचा आणि घरी यायचं. आजोळी मोहरमला सवारी, म्हणजे पंजाची मिरवणूक, निघायची, आजी सवारीसमोर घागरभर पाणी ओतायची. पण सवारी कुणाची आणि पाणीच का, हे चाळिशी उलटेपर्यंत मी कुणाला विचारलं नव्हतं. यंदा भाची एमपीएससीसाठी इस्लामच्या उदयाचं प्रकरण घोकत बसली होती. तिला म्हटलं, चल, दोन दिवस संभाजीनगर-खुलताबाद करू. तिथे माझ्या नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याची बायको राहते, उर्दू शाळेतून निवृत्त झालेली. आम्ही तिला आपा म्हणतो. आपा सोबत नसती तर ही सहल म्हणजे नुसते घुमट मोजणं झालं असतं. तुमची कुणाशी ओळख असेल तर आधी फोन करा. तिकिटाच्या आधी हे काम.

सुरुवात पाणचक्कीपासून करा. बहुतेक लोक चक्कीचा फोटो काढून दहा मिनिटांत निघतात. आम्ही तिथल्या जुन्या वडाखाली दोन तास बसलो. ही जागा बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी पंथाच्या सूफीची. डोंगराकडून नळीने आणलेलं पाणी उंचावरून पाडायचं, त्यावर जातं फिरवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांना, यात्रेकरूंना त्या पिठाची भाकर घालायची. बाबांची कबर शेजारीच आहे.

भाचीने वहीतली मुहम्मद पैगंबरांची सनावळी वाचली: 570 मक्केत जन्म, 610 पहिला साक्षात्कार, 622 हिजरत, 630 मक्का ताब्यात, 632 निधन. आपाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘बेटा, ये तो रेलवे का टाइमटेबल हुआ.’’ मग तिने सांगायला घेतलं. बाप जन्माआधी गेला, आई लहानपणी. आजोबांनी आणि मग काका अबू तालिब यांनी सांभाळलं. खदीजा या व्यापारी विधवेच्या मालाची ने-आण करता करता तिच्याशी लग्न झालं. चाळिशीला हिरा गुहेत जिब्रील फरिश्ता आला आणि पहिला शब्द म्हणाला, ‘इक्रा’, वाच. ‘‘और उन्हें पढ़ना नहीं आता था,’’ ही आपाची पुस्ती, आयुष्यभर शाळेत काढलेल्या बाईची.

मक्केतल्या बड्या घरांना राग का आला, हे मला तिथे कळलं. काबा तेव्हा मूर्तींचं यात्रास्थळ होतं, गावाचा धंदा त्या यात्रेवर. देव एकच, त्याला रूप नाही, भागीदार नाही, आणि गुलाम-मालक त्याच्यापुढे सारखेच, असं कुणी सांगू लागलं तर पेठ हादरणारच. छळ झालेल्यांत बिलाल नावाचा हबशी गुलाम होता. पुढे मदिनेत अजान द्यायला पैगंबरांनी त्यालाच उभं केलं. हे आपाने मुद्दाम लांबवून सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी आम्हाला आणखी एका हबशाकडे जायचं होतं.

हिजरत म्हणजे मक्का सोडून यस्रिबला, म्हणजे आताच्या मदिनेला जाणं. इस्लामी सन जन्मापासून नाही, या स्थलांतरापासून मोजतात. वर्ष चांद्र, 354-355 दिवसांचं. आपलंही चांद्रच, पण आपण अधिक मास घालून ऋतूंशी मेळ बसवतो. तिथे महिना वाढवायला कुराणात मनाई आहे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2010 मध्ये तो ऑगस्टच्या पावसात सुरू झाला, 2025 मध्ये मार्चच्या उन्हात. सहल ठरवताना हे बघाच. रमजानात दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात, संध्याकाळी मात्र जुन्या शहरात चालायला जागा नसते.

संध्याकाळी एका जुन्या मशिदीत परवानगी काढून अंगणाच्या कडेला बसलो. सगळ्याच ठिकाणी बायकांना आत घेत नाहीत. विचारायचं, नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही. हौदावर एक म्हातारे गृहस्थ वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, करत होते. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात, मग ओले तळवे डोक्यावरून फिरवले, शेवटी घोट्यापर्यंत पाय. धुण्याची कृती तीन-तीनदा, डोक्याची एकदाच. उजवं आधी, डावं मागून. नळ सोडलेला नाही, टमरेलभर पाण्यात सगळं. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाचा हात तो.

दिवसाच्या पाच नमाजा: फजर, जोहर, असर, मगरिब, ईशा. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज हे पाच खांब भाचीला पाठ होतेच. जकातीचा हिशेब तिला नवा होता: ठरावीक मर्यादेवर संपत्ती वर्षभर राहिली तर तिचा अडीच टक्के भाग गरिबाचा. ‘‘तो दान नाही, त्याचा हक्क,’’ आपा म्हणाली. हज ऐपत आणि तब्येत असेल त्यालाच, आयुष्यात एकदा.

आत मूर्ती नाही, चित्र नाही. समोरच्या भिंतीत एक रिकामा कोनाडा, मिहराब. त्या कोनाड्याची दिशा काब्याची, तिलाच किब्ला म्हणतात. सुरुवातीला तोंड जेरुसलेमकडे असायचं, हिजरतीनंतर दुसऱ्या वर्षी मक्केकडे वळलं. मराठवाड्यातून ती दिशा पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे कललेली. हे एकदा कळलं की पुढच्या दीड दिवसात होकायंत्र लागत नाही. बीबी का मकबऱ्यात गेलो, तर भाचीनेच सांगितलं की बाजूची मशीद पश्चिमेला आहे. कबरी दक्षिणोत्तर असतात, कारण मृताला उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे करून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी खुलताबाद. जुनी माणसं अजून रौजा म्हणतात. मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळकडे जाणारी बस धरा, वाटेत दौलताबाद लागतं. इथे दर्गे इतके का? तुघलकाने 1327 मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, त्या लोंढ्यात दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब आले. ते 1337 मध्ये इथेच वारले आणि त्यांच्याभोवती कबरींचं गाव वाढत गेलं. बुऱ्हाणपूर हे नाव त्यांचंच. समोर, रस्त्यापलीकडे, झैनुद्दीन शिराझींचा दर्गा, आणि त्याच आवारात औरंगजेब.

ही कबर बघायला येणारे बहुतेक डोक्यात काहीतरी घेऊन येतात. ते वाद इथे नकोत. डोळ्यांना दिसतं ते एवढंच: वर छत नाही, मधे उघडी माती, त्यात सब्जा लावलेला. भोवतीची संगमरवरी जाळी खूप नंतरची. टोप्या शिवून मिळालेल्या चौदा रुपये बारा आण्यांतच कबर करा, असं त्याने सांगून ठेवल्याचं म्हणतात. कच्ची कबर हा त्या धर्माचा मूळ आग्रह. मग पंचवीसेक किलोमीटरवर त्याच्याच बायकोचा एवढा मोठा मकबरा कसा, हा भाचीचा प्रश्न. आपा हसली. पण तिथेही घुमटाखाली वाकून पाहिलं तर कबरीवर मातीच आहे, हे आदल्या दिवशी आम्ही पाहिलं होतं.

मलिक अंबर जरा बाजूला आहे, गर्दी नसते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा पेशवा झालेला, खडकी म्हणजे आजचं संभाजीनगर वसवणारा. 1626 ला गेला. तिथे बसून बिलालची गोष्ट आठवली, आपाने का लांबवली तेही कळलं.

दर्ग्यात मी विचारलं, देव एकच तर इथे मागतात कुणाकडे? आपा म्हणाली, ‘‘मांगना अल्लासेच. वली सिर्फ वसीला.’’ वली म्हणजे संत, वसीला म्हणजे मधला आधार. पण हेही न पटणारे मुसलमान खूप आहेत, तिच्या धाकट्या दिराच्या घरात कुणी दर्ग्यावर येत नाही. आणि सवारीचं पाणी? 680 मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसैन आणि त्यांच्या माणसांचं फुरात नदीचं पाणी तोडलं, तहानलेले मारले. आजी घागर ओतायची ती त्यांच्यासाठी. तिला हे माहीत होतं की नाही, आता कुणाला विचारू?

आता कामाचं. पायमोजे न्या. चपला बाहेर काढायच्या आणि फरशी अकरानंतर तव्यासारखी तापते. मी न्यायला विसरले, तळपायाला फोड घेऊन आले. डोक्याला ओढणी किंवा रुमाल, पुरुषांनीही. मजारीच्या अगदी आतल्या खोलीत बऱ्याच दर्ग्यांत बायकांना सोडत नाहीत, जाळीतून बघायचं. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका, मागून जा. कबरींवर पाय पडणार नाही एवढं बघा, खुलताबादेत त्या वाटेतही आहेत. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच जुन्या शहरात गाडी घालू नका. ओळखपत्र जवळ ठेवा, औरंगजेबाच्या कबरीपाशी बंदोबस्त असतो. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, चादर घ्याच म्हणून पाचशे रुपयांसाठी मागे लागले. आपाने डाफरलं तेव्हा सुटलो. द्यायचं असेल तर दानपेटीत टाका.

जेवायला नान खलिया: मटणाचा तांबूस रस्सा आणि तंदूरचा पिवळसर नान. शाकाहारी असाल तर भद्रा मारुतीजवळच्या खानावळी आहेत, मात्र श्रावणातल्या शनिवारी तिकडे फिरकूही नका. रबीउल अव्वल या इस्लामी महिन्यातल्या उरुसात पैगंबरांचा पोशाख दर्शनाला काढतात, तेव्हा मुक्कामाची सोय आधीच करा. परतीची बस साडेपाचच्या आत पकडा, नंतरच्या वेरूळहूनच भरून येतात. आम्ही दौलताबादपर्यंत उभ्याने आलो, हातात सीताफळांची पिशवी घेऊन.