एका मायक्रोसेकंदाचं कोडं

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) लिनक्सच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, घालायचा म्हणजे नवं लिहिण्यापेक्षा जुनं काढण्याचंच काम जास्त. माझ्याकडे आलेला ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीने वर्षानुवर्षं स्वतःपुरता सांभाळलेला होता. प्रत्येक जुन्या कर्नेल आवृत्तीसाठी वेगळे #इफडेफ (कोडचे अटींवर चालू-बंद होणारे तुकडे), ड्रायव्हरला हुकूम द्यायला स्वतःचे आयऑक्टल, इथटूल या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगच्या नेहमीच्या साधनात असलेल्याच सोयींसाठी वेगळे मॉड्यूल पॅरामीटर. ते सगळं उडवायला जिवावर येत नाही. कोडची शैली तपासणारं चेकपॅच चालवायचं आणि मुकाट्याने साफ करत सुटायचं.

अडलं ते एका ओळीवर. पॅकेट पाठवण्याच्या फंक्शनमध्ये, डिस्क्रिप्टर (कार्डासाठी मेमरीत ठेवलेली पॅकेटची नोंद) भरता भरता मध्येच यूडिले(१), म्हणजे एक मायक्रोसेकंद नुसतं थांबणं. शेजारी कॉमेंट: काढू नये. कारण दिलेलं नाही. पहिल्याच रिव्ह्यूत विचारणा झाली, हे कशासाठी? मी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. ते म्हणाले, "अहो, राहू द्या ते. एका ग्राहकाची तक्रार होती, ते टाकल्यावर बंद झाली."

असलं उत्तर कर्नेलमध्ये चालत नाही, आणि चालू नयेच. शिवाय गणितही बसत नव्हतं. एक गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला जवळपास १४.८८ लाख जातात. एका पॅकेटच्या वाट्याला येतात ६७२ नॅनोसेकंद, आणि हा ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटमागे १,००० नॅनोसेकंद नुसता थांबत होता! म्हणजे लहान पॅकेटांवर कार्ड पूर्ण वेगाने धावणं शक्यच नव्हतं.

डिले काढला. एक्स८६ (इंटेल, एएमडी प्रोसेसरच्या) मशीनवर काहीच झालं नाही, भरपूर ट्रॅफिक सोडूनही. मग तोच ड्रायव्हर आर्म प्रोसेसरच्या बोर्डवर चढवला, आयओएमएमयू (कार्डाला परवानगी नसलेल्या मेमरीत जाऊ न देणारा पहारेकरी) चालू ठेवून. जरा वेळाने लॉगमध्ये फॉल्ट दिसू लागले: कार्ड अशा पत्त्यावरून वाचायला जात होतं, जो ड्रायव्हरने केव्हाच अनमॅप केला होता, म्हणजे कार्डाला बंद केला होता. डिस्क्रिप्टरच्या गोल फिरून पुन्हा वापरल्या जाणाऱ्या यादीतला, म्हणजे रिंगमधला, प्रत्येक पत्ता छापून घेतला, तेव्हा उलगडा झाला. फॉल्टमधला पत्ता त्याच डिस्क्रिप्टरचा होता, पण रिंगच्या मागच्या फेरीतला.

आता चित्र स्पष्ट होतं. डिस्क्रिप्टरमध्ये आधी बफरचा पत्ता आणि लांबी लिहायची, शेवटी 'ओन' बिट लावायचा. तो लागला की कार्ड समजतं, हे पॅकेट माझं. कोडमध्ये क्रम बरोबर होता. पण आर्मवर प्रोसेसरने केलेली लिखाणं कार्डाला त्याच क्रमाने दिसतील याची हमी नसते. बिट आधी दिसला, पत्ता जुनाच राहिला. एक्स८६ हा क्रम बहुतेक वेळा सांभाळून घेतो, म्हणून तिथे सगळं आलबेल. आणि डिले? तेवढ्या वेळात आधीची लिखाणं मेमरीत पोचायची, एवढंच. ताप उतरवून रोग तसाच ठेवलेला.

उपाय एका ओळीचा: 'ओन' बिटच्या आधी डीएमए_डब्ल्यूएमबी(), म्हणजे आधीची लिखाणं कार्डाला आधीच दिसतील याची हमी देणारा बॅरियर. बॅरियर टाकला की तो कशाची कशापासून राखण करतो ते शेजारी लिहायचं, हा कर्नेलमधला दंडक, तीही कॉमेंट लिहिली. पॅचचं (पाठवायच्या बदलाचं) वर्णन मात्र कोडच्या कैक पट लांबलं: लक्षण काय, कुठे दिसतं, कुठे दिसत नाही, डिले का नको. माझ्या मते हे वर्णनच खरं काम. ओळ कोणीही टाकेल. पाच वर्षांनी ती वाचणाऱ्याला ती तिथे का आहे हे कळायला हवं. आर्मवर पुन्हा भार टाकला, फॉल्ट थांबले.

कंपनीच्या मॅनेजरांनी विचारलं, "मग आता गेलं ना आत?" त्यांना सांगावं लागलं की मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कर्नेलमध्ये ओतायचा काळ) चालू आहे, तेवढे दोन आठवडे नेट-नेक्स्ट, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठीचं नेटवर्किंगचं कोड-भांडार, नवे ड्रायव्हर घेत नाही. ते उघडल्यावर पुढची आवृत्ती पाठवली. बॅरियरबद्दल चकार शब्द आला नाही. शेरा आला तो व्हेरिएबलच्या घोषणांवर: लांब ओळ वर, आखूड खाली, अशा उतरत्या क्रमाने लावा.