मागचे चार प्लग

आमची होंडा सिटी झेडएक्स २००७ ची. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. रंगाला कंपनीने काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, आम्ही घरात त्याला पहिल्यापासून चहाचा रंग म्हणतो. २०२१ च्या दिवाळीनंतर बाबांनी चालवणं बंद केलं आणि गाडी माझ्याकडे आली. तेव्हा मीटरवर ९४ हजार किलोमीटर होते आणि समोरच्या कप्प्यात बाबांची वही होती. कधी किती पेट्रोल भरलं, त्या दिवशीचं रीडिंग, गुणाकार-भागाकार करून काढलेलं ॲव्हरेज, आणि सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या मागे टाचून ठेवलेल्या. या वहीची आम्ही वर्षानुवर्षं थट्टा केली. पुढे तिनेच तोंडघशी पाडलं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

गाडीचं दुखणं असं होतं: सपाट रस्त्यावर काही नाही. एसी लावून कात्रजच्या जुन्या घाटाला लागलं की तिसऱ्या गिअरमध्ये हिसके द्यायची. पिकअप मेलेला. बंद मात्र कधी पडली नाही. शहरात ॲव्हरेज साडेअकरावर आलं होतं आणि वहीप्रमाणे ते एके काळी चौदा होतं.

पहिल्यांदा अर्थातच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. गार काचेची खोली, कॉफी, हातात टॅब घेतलेला सर्व्हिस ॲडव्हायझर. घाटात हिसके देते, असं मी तीन वेळा सांगितलं. जॉब कार्डवर लिहिलं गेलं 'जनरल चेकअप'. थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर साफ केले, एसीत सुगंधी फवारा मारला, आणि गाडी इतकी सुंदर धुऊन दिली की शेजारच्यांनी नवी घेतली का विचारलं. बिल अठरा हजारांच्या घरात. पुढच्याच रविवारी घाटात तेच हिसके. परत गेलो तर उत्तर मिळालं, "सर, एवढ्या जुन्या गाडीत थोडंफार असणारच. एक्स्चेंजमध्ये बघू या का?" त्या माणसाचा मला राग नाही आला. त्याच्या सगळ्या कामगारांनी ही गाडी बाजारात आली तेव्हा दहावीसुद्धा दिली नसेल. २००८ च्या शेवटी पुढचं मॉडेल आलं, त्यात हे इंजिन नाही. ज्यांनी ते उघडलंय ते आता तिथे नोकरीला नाहीत, इतकं साधं ते आहे.

दुसरं गॅरेज हायवेच्या सर्व्हिस रोडवरचं, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं, सहा लिफ्टवालं. तिथे स्कॅनर लावला, काही निघालं नाही. मग फोरमॅनने अंदाजपत्रक दिलं, त्यात पहिलीच ओळ: टायमिंग बेल्ट किट. "एक लाखाच्या आत बदलायलाच लागतो साहेब, तुटला तर इंजिन गेलं." घाबरून मी हो म्हणणार होतो. घरी येऊन मॅन्युअल काढलं, तर या इंजिनाला बेल्टच नाही, चेन आहे. आधीच्या पिढीच्या सिटीला बेल्ट होता, त्याने तो आठवणीतून लिहिला असावा, असं मी आजही मनाला समजावतो. पण जी वस्तू गाडीत नाही ती बदलण्याचे पैसे तो घेणार होता.

तिसरं घराजवळचं. स्वस्त, ओळखीचं, संध्याकाळी गाडी हातात. त्याने 'सगळी तेलं बदलली'. कूलंट म्हणून हिरवं काहीतरी आणि वर नळाचं पाणी. गिअरबॉक्समध्ये कॅनमधलं सगळ्या गाड्यांना चालणारं जाड गिअर ऑइल. आता ज्यांच्याकडे जुनी होंडा आहे त्यांना इथेच कळलं असेल: तिच्या गिअरबॉक्सला पातळ तेल लागतं. पंधरा दिवसांनी थंडी पडली आणि सकाळी दुसरा गिअर पडेना. दोन किलोमीटर गेल्यावर तेल तापलं की पडायचा. तक्रार केली तर म्हणाला, क्लच प्लेट गेली.

एव्हाना घरात मतदान झालं होतं आणि मी एकटा पडलो होतो. बायकोने नवीन गाडीचे हप्ते कागदावर मांडून दाखवले. बाबा काही बोलले नाहीत, पण वही मागून घेतली आणि दोन दिवस स्वतःकडे ठेवली.

चौथा माणूस सापडला तो टॅक्सीवाल्यामुळे. मुंबईला जाताना फूडमॉलला एक तशीच सिटी दिसली, माझ्या गाडीपेक्षा म्हातारी, अडीच लाखांच्या पुढे चाललेली. मालकाला विचारलं, काम कुठे करता? वारज्याकडे, कालव्याच्या बाजूला, पत्र्याचं शेड, पाटी नाही, असा पत्ता मिळाला. शेडसमोर तीन गाड्या उभ्या होत्या, तिन्ही जुन्या जपानी: एक सिटी, एक लान्सर, एक क्वालिस. मला तिथेच बरं वाटलं. डॉक्टरकडे आपल्यासारखेच पेशंट दिसले की वाटतं तसं.

मिस्त्री पन्नाशीचा, साताऱ्याकडचा, पूर्वी कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढलेला. मी घाटाची कहाणी सुरू केली. त्याने बॉनेटला हातही न लावता विचारलं, "मागचे प्लग कधी बदलले?"

मागचे म्हणजे?

या गाडीच्या इंजिनाचं नाव आय-डीएसआय. १४९७ सीसी, ७७ बीएचपी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. आणि प्लगही आठ. एका सिलिंडरला दोन-दोन, कर्णात समोरासमोर, प्रत्येकाला ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल. इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि ओझ्याप्रमाणे दोन्ही प्लग एकदम किंवा किंचित मागेपुढे ठिणगी टाकतात, त्यामुळे मिश्रण पुरतं जळतं आणि ॲव्हरेज मिळतं. कागदावर हुशार कल्पना. पण चार प्लग समोर, बॉनेट उघडलं की हाताशी. आणि चार मागे, काचेच्या बाजूला, जिथे हात जात नाही. तिथे पोचायला वायपरचे दांडे काढा, काचेखालची काळी प्लास्टिकची पट्टी काढा, मग वाकून अंदाजाने पाना लावा. पुढचे चार बदलायला वीस मिनिटं लागतात. मागच्यांना अर्धा दिवस.

"वही आहे ना म्हणताय, बघा की पावती," मिस्त्री म्हणाला. घरी फोन लावला. बाबांनी पानं उलटली. २०१२: स्पार्क प्लग, ४ नग. २०१६: स्पार्क प्लग, ४ नग. २०१९: ४ नग. वेगवेगळी गॅरेजं, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं, आकडा तोच. फोनवर थोडा वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "मला वाटलं चार सिलिंडर, चार प्लग." चूक त्यांची नव्हतीच. प्रत्येकाने समोरचे चार बदलले आणि बॉनेट लावलं. मागचे चार कारखान्यातून आले तेव्हापासून तिथेच होते. पुढचे चार ठिणगी देत होते म्हणून इंजिन बंद पडत नव्हतं, आणि बंद पडत नव्हतं म्हणून कुणाला संशय आला नाही. चढावर, एसीच्या ओझ्याखाली तेवढं उघडं पडायचं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शेडात बसलो. पट्टी निघाली तेव्हा खाली पिंपळाची वाळलेली पानं, माती आणि एक बॉलपेनचं टोपण होतं. पहिले दोन प्लग कुरकुरत निघाले. तिसरा हलेना. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं; जोर लावला आणि आटे गेले तर हेड खोलायचं. मिस्त्रीने गंज सोडवायचा स्प्रे मारला, पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "चला चहा घेऊ. त्याला जरा विचार करू द्या." परत आल्यावर पाव फेरा सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा स्प्रे, असं पाऊण तास. मी श्वास धरून उभा, तो कुठल्याशा लग्नाच्या जेवणाबद्दल सांगत होता. शेवटी एक बारीक 'कट्' आवाज आला आणि प्लग सुटला. चारही फडक्यावर ओळीने मांडले. मधला इलेक्ट्रोड झिजून गोटीसारखा गोल झालेला, फट एवढी की सहज नख जाईल. एका कॉइलला तडा गेलेला. कॉइल त्याने मला नाना पेठेतून आणायला सांगितली, दुकान सांगितलं, आणि वर बजावलं, "डब्यावर जाऊ नका, डबे पण डुप्लिकेट मिळतात. जुनी हातात घेऊन जा, कनेक्टरची खाच जुळवा."

त्याच दिवशी गिअरबॉक्समधलं जाड तेल काढून होंडाचं एमटीएफ, म्हणजे तिचं स्वतःचं पातळ गिअर तेल भरलं, दीड लिटरच्या आसपास लागलं. क्लच प्लेट ठणठणीत होती. कूलंट काढलं ते बोर्नव्हिटासारखं. तीनदा साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन निळं कूलंट भरलं. टॅपेट सेटिंगला, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी जुळवायला, मात्र गाडी रात्रभर तिथेच ठेवायला लावली, कारण ते इंजिन पूर्ण थंड असतानाच करतात. गरम इंजिनावर 'आत्ता करून देतो' म्हणणारे मला आधी दोन भेटले होते. एकूण खर्च पहिल्या बिलाच्या निम्म्याहून कमी. काढलेला प्रत्येक भाग न मागता बूटांच्या खोक्यात घालून दिला.

त्या रविवारी कात्रजचा जुना घाट तिसऱ्यावर, एसी लावून. बाबा शेजारी बसले होते. वर बोगद्यापाशी पोचल्यावर म्हणाले, "एसी लावलाय ना?"

मग नोव्हेंबर २०२२ ला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि आरसी संपली. पुनर्नोंदणीचा फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत भरता येतो. मार्च २०२२ पर्यंत कारला ६०० रुपये लागायचे, १ एप्रिलपासून ५,००० झाले; आमची वेळ बरोबर त्यानंतर आली. पर्यावरण कर वेगळा. एजंटाकडे न जाता स्वतः केलं, दोन फेऱ्या पडल्या. पासिंगच्या आधी मिस्त्रीने पिवळ्या पडलेल्या हेडलाइट पॉलिश केल्या, हॉर्न बदलला आणि चेसिस नंबरवरची काजळी ब्रशने साफ केली. त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते, लहानपणी नाण्याची छाप काढायचो तशी. पाच वर्षं मिळाली.

जुन्या गाडीचा माणूस एक प्रश्न सारखा विचारतो, तो इथेनॉलचा. होंडाने सांगितलंय की जानेवारी २००९ पासून बनवलेल्या त्यांच्या गाड्यांचे भाग ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालतील. आमची २००७ ची, म्हणजे रेषेच्या अलीकडे. बहुतेक पंपांवर आता दुसरं साधं पेट्रोल मिळत नाही. मिस्त्रीचं म्हणणं एवढंच की महिना-महिना गाडी उभी ठेवू नका आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसिंगला हाताने दाबून बघू. या गाडीची टाकी पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे पेट्रोलचा वास आला तर 'पंपावरचा असेल' म्हणून सोडायचा नाही, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आता कुणी गॅरेज कसं निवडू विचारलं तर मी दर विचारू नका म्हणतो. गाडीच्या एखाद्या खोडीबद्दल भोळेपणाने विचारा. सिटी असेल तर, प्लग किती लागतात हो? चार म्हणाला तर चहा पिऊन निघा. आणि शेडसमोर कुठल्या गाड्या उभ्या आहेत ते बघा.

माझ्या मिस्त्रीतही दोष आहेत. फोन उचलत नाही. सोमवारी देतो म्हणजे बुधवारी. बिल वहीच्या कागदावर लिहितो, जीएसटीचं नाव नाही, आणि पितृपक्षात गावी गेला की तीन आठवडे गायब. एकदा ब्रेक पॅड सांगितले त्या कंपनीचे न घालता दुसरे घातले आणि मी पकडल्यावर हसला. बदलून दिले, पण हसला.

सध्या स्टिअरिंगमध्ये आवाज आहे. खड्ड्यावरून हळू गेलं की डावीकडे 'टकटक'. या मॉडेलचा रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा, असाच वाजतो, सगळ्यांचा वाजतो. मी विचारलं, बदलू या का? त्याने चाक धरून हलवून पाहिलं, खाली झोपून लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश बघितले, एक बुश बदलला. रॅकवर हात ठेवून म्हणाला, "खेळ नाहीये. वाजू द्या."

बाबांनी वहीत लिहिलंय: स्टिअरिंग, डावी बाजू, आवाज. मिस्त्री म्हणतो वाजू द्या. १,१८,४४०.