अर्धा सेकंद

आज साडेतीन तास अंधाऱ्या मायक्रोस्कोप रूममध्ये बसून हाती काय आलं, तर काहीच नाही. आणि चूक माझीच.

ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन भरलेलं. लेझरनं पेशीच्या एका टोकाची चमक घालवायची आणि दुसऱ्या टोकाकडचे चमकते रेणू तिकडे किती वेळात पसरतात ते मोजायचं, एवढंच काम. मी कॅमेरा सेकंदाला एक फोटो असा लावला. पहिला फोटो येईपर्यंत अख्खी पेशी एकसारखी फिकट हिरवी! पेशीची लांबी जेमतेम 2 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारांश. तेवढं अंतर जीएफपी अर्ध्या सेकंदाच्या आत कापतं. 1999 पासून छापील आकडा आहे, मीच सेमिनारमध्ये सांगितलाय. असो.

गंमत म्हणजे हा वेग 'मंद' समजला जातो. पाण्यात हेच प्रथिन दहापटीहून जास्त सहज पसरतं. पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम, डीएनए, इतर प्रथिनं यांची नुसती खेचाखेच. दादरचा पूल म्हणा हवं तर, पण पुलावरच्या माणसाला निदान कुठेतरी जायचं असतं. या रेणूला कुठेच जायचं नसतं. पाण्याचे रेणू ढकलतील तिकडे जातो, परत येतो, पुन्हा जातो. आणि तरीही वेळेत पोचतो!

रात्री आईचा फोन. "आज काही दिसलं का गं?"

म्हटलं, "दिसायच्या आधीच झालं."

"मग उद्या लवकर जा."