काचेवरचे थेंब

आज पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात जोराची सर आली. मोबाईल पिशवीत टाकला आणि एसटीच्या खिडकीची काच बघत बसले. घाट कधी संपला कळलंच नाही.

बारीक थेंब उभ्या काचेवरही जागचे हलत नाहीत. धूळ, तेलकटपणा, डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा, यांत थेंबाची कड अडकून राहते. वजनाने थेंब खाली फुगतो, वर चपटा होतो. म्हणजे काचेशी होणारा कोन खाली मोठा, वर लहान. या दोन कोनांत जास्तीत जास्त जितका फरक पडू शकतो, तितकंच वजन थेंबाला पेलतं. शेजारचा थेंब येऊन मिळाला की कड सुटते आणि तो पळत सुटतो. वाटेतल्यांना पोटात घेत. मागे राहिलेली ओली रेघ तुटून तिचे पुन्हा थेंब होतात!

आणि थेंब वरही चढतो बरं का. १९९२ साली मनोज चौधुरी आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी सिलिकॉनच्या चकतीवर असा रासायनिक थर दिला, की एका टोकाला पाणी टिकेना आणि दुसऱ्या टोकाकडे ते सहज पसरेल. चकती १५ अंशांनी तिरकी, आणि थेंब चढाच्या दिशेने गेला. पंप नाही, वीज नाही. पृष्ठभाग इतका नितळ, की कड कुठे अडकलीच नाही. मला हा प्रयोग फार फार सुंदर वाटतो. शाळेत न्यूटनच्या सफरचंदाइतकाच तोही सांगितला जावा.