बशीचं वजन वाढतंय!

नववीपर्यंत प्रयोगवही म्हणजे शुद्धलेखन. हेतू, साहित्य, कृती फळ्यावरून उतरवायचं. अनुमानही तिथंच तयार. आकडा जुळला नाही तर शेजाऱ्याची वही होतीच.

दहावीत विज्ञानाला नवे सर आले आणि फळा कोरा राहू लागला. "खाजनाच्या मानशीपाशी पाण्यात मीठ किती? कसं मोजायचं ते तुम्हीच ठरवा." बस्स! (खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल जमीन, मानस म्हणजे त्या बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार.) समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, एवढं पुस्तकात मिळालं. पण शापोरा नदीत भरतीचं खारं आणि वरून येणारं गोडं पाणी मिसळतं. तो आकडा तिथं काय कामाचा?

100 मिलिलिटर पाणी चिनी मातीच्या बशीत आटवायचं ठरलं. शेवटी शेवटी मीठ तडतडून बाहेर उडायचं, म्हणून वर काच झाकली. खरी गंमत तराजूवर झाली. चिमट्यानं वजनं ठेवून काटा मध्यावर आणावा, तोवर बशीचं पारडं खाली. आणखी 10 मिलिग्रॅम टाकावं, पुन्हा खाली. तराजू बिघडला म्हणावं, तर रिकाम्या बशीचं वजन ढिम्म हलेना. सरांकडे धावलो. ते म्हणाले, "बरं, मग?"

कोडं सोडवलं आगरवाड्याच्या मुलीनं. तिच्या घरचं मिठागर. मीठ ओढून घेतल्यावर उरलेलं कडू पाणी आगरात ठेवत नाहीत, ते राहिलं तर मीठ ओल धरतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आम्ही तर सगळंच आटवलं होतं! त्या कडूपणाचं नाव मग पुस्तकात सापडलं: मॅग्नेशियम क्लोराइड. हवेतली वाफ ओढून घेणारं, आणि आपल्या गोव्यात वाफेला काय तोटा! मग बिस्किटांच्या डब्यात ओल शोषणारा कळीचा चुना घालून त्यात बशी निववायची आणि झटपट तोलायची, अशी युक्ती निघाली. आकडे जुळू लागले.

यात तास भरपूर गेले, पोर्शन रखडला, काही पालक कुरकुरले. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. ब्युरेट धरणं, द्रावण करणं गिरवूनच यावं लागतं. तिथं मोकळीक कामाची नाही.

एका गटानं दोरीला बुचाची बाटली बांधून तळाशी सोडली आणि बूच ओढलं. तळाचं पाणी वरच्यापेक्षा खारट निघालं. आम्ही ऐटीत सरासरी काढून अनुमान लिहिलं. सरांनी खाली लाल शाईनं विचारलं, "भरतीचं की ओहोटीचं? किती खोलीवरचं?" गुण दिलेच नाहीत, वही परत, आणि शनिवारी पुन्हा मानशीवर.