यात तुला तू ऐकू येतोस का?

माझा स्टुडिओ कर्वेनगरात, दोन खोल्यांचा. काम बहुतेक डबिंगचं, भावगीतांचं आणि गणपतीच्या आधी महिनाभर आरत्यांचं. हेवी मेटल संगीत मी कॉलेजपासून ऐकतो, पण माझ्या टेबलावर ते क्वचितच येतं. त्यामुळे ‘दादा, आमचा मिक्स ऐका आणि खरं काय ते सांगा’ असा चिंचवडच्या एका मेटल बँडमधल्या चार पोरांचा फोन आला, तेव्हा मी रविवारची अख्खी सकाळ मोकळी ठेवली.

मिक्स (सगळ्या वाद्यांचे ट्रॅक जुळवून केलेलं गाणं) ड्रमरने केला होता. तीन महिने, रात्री जागून, घरी हेडफोनवर. पहिलं गाणं संपलं आणि मी सुरू झालो. स्नेअरमध्ये (मधला खणखणीत ड्रम) जीव नाही, किकचा (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नुसता टाइपरायटर झालाय, सिंबल कानाला टोचतात, गिटारींचा चिखल झालाय, लिमिटर (आवाज एका मर्यादेत दाबणारं साधन) इतका दाबलाय की कडवं आणि कोरस एकाच उंचीवर वाजतात. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मी थांबलो तेव्हा ड्रमर मान खाली घालून लॅपटॉप मिटत होता. मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन नेमकं काय करायचं, हे माझ्या एवढ्या बोलण्यातून त्याला कळलंच नसतं. मी चहा सांगितला आणि म्हटलं, ‘मिटू नकोस. गाण्याचं सेशन उघड, एकेक ट्रॅक बघू.’

स्नेअरपासून सुरुवात केली. तिला त्यांनी दोन माइक लावले होते, एक वरून, एक खालून. स्टिक पडली की वरचं कातडं वरच्या माइकपासून लांब जातं, आणि त्याच क्षणी खालचं कातडं खालच्या माइकच्या दिशेने येतं. म्हणजे दोन माइकमध्ये लाट उलटसुलट नोंदली जाते आणि ट्रॅक एकत्र केले की आवाजाची जाडी एकमेकांत विरून जाते. ती परत आणायला त्याने २०० हर्ट्झच्या आसपास तब्बल ९ डीबी (डेसिबल) वाढवले होते, तरी काही उपयोग झाला नव्हता. मी त्याला खालच्या माइकच्या ट्रॅकवरचं, लाट उलटी करणारं पोलॅरिटीचं बटण दाखवलं. ‘तूच दाब.’

‘टप्’चं ‘थाड्’ झालं. त्याने ते बटण पाच-सहा वेळा दाबून पाहिलं, दर वेळी माझ्याकडे बघत. मग ते ९ डीबी त्याचे त्यानेच काढून टाकले.

बेसवाला, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा, भोसरीतली रात्रपाळी संपवून तसाच आला होता. आल्यापासून कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प. गिटारींकडे वळण्याआधी मी सहज एकेकाला विचारलं, ‘यात तुला तू ऐकू येतोस का?’ ड्रमर हो म्हणाला. दोघे गिटारवाले हो म्हणाले. बेसवाला जरा थांबला.

‘नाही, दादा. पहिल्यापासूनच नाही.’

‘मग बोलला का नाहीस?’ ड्रमरने विचारलं.

‘तू एवढा जागत होतास.’

खोलीत कुणीच काही बोललं नाही. मग एका गिटारवाल्याने मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या १९८८च्या अल्बमचा दाखला दिला, त्यातही बेस ऐकू येत नाही म्हणून. दाखला खरा आहे. १९८६ साली स्वीडनमधल्या बस अपघातात त्यांचा बेसवादक क्लिफ बर्टन गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि त्या रेकॉर्डवर त्याचा बेस जवळपास पुसलेला आहे. पण त्या अल्बमवर जीव टाकणारी माणसंही आजवर हळहळतात ती त्याच गोष्टीसाठी. मी म्हटलं, ‘त्यातून हेच उचलायचं होतं का?’

गिटारी ड्रॉप सीमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुरात, लावलेल्या. गिटारची सगळ्यांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास, आणि बेसची तिच्याही एक सप्तक खाली. दोघांनीही अँपवरचा खालचे सूर वाढवणारा ‘बेस’चा नॉब जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेला, कारण घरी एकट्याने वाजवताना तसंच भारी वाटतं. म्हणजे बेसने जिथे उभं राहायचं, ती जागा दोन गिटारींनी आधीच अडवली होती. मी ९० हर्ट्झच्या खालचा भाग गिटारींमधून कापला आणि एक गिटार सोलोवर, म्हणजे एकटीच, ऐकवली. त्या मुलाचा चेहराच उतरला. ‘दादा, ही तर पातळ झाली.’ एकटी ऐकली तर पातळच वाटते. मी काही न बोलता बेस चालू केला. मग किक. खोलीतली काच थरथरली, आणि ‘पातळ’ म्हणणाऱ्या त्याच मुलाने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. गिटारीचं जे वजन तो इतके दिवस नॉबमध्ये शोधत होता, ते बेसवाल्याच्या बोटांत होतं.

जुना आणि नवा मिक्स लागोपाठ लावण्याआधी मी दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. मोठ्याने वाजतं ते कानाला बरंच वाटतं, आणि त्यांचा जुना मिक्स वजा ५ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका जोर जास्त) चेपलेला होता. तेवढ्या जोरात केलेलं गाणं स्पॉटिफाय वजा १४च्या आसपास खाली आणतं. मग जोर जातो आणि चेपलेपण तेवढं उरतं. लिमिटर सैल केल्यावर कोरस पहिल्यांदा कोरससारखा उसळून आला.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. डावी आणि उजवी ऱ्हिदम गिटार म्हणजे एकाच टेकची, म्हणजे एकदाच वाजवलेल्या रेकॉर्डिंगची, कॉपी होती. तशी कॉपी दोन्हीकडे ठेवली तरी आवाज मधोमधच राहतो. दोन वेळा वाजवल्यावर जो बारीक फरक पडतो, त्यानेच गिटार रुंद होते. ‘हे मिक्समध्ये होणार नाही, पुन्हा वाजवावं लागेल,’ असं मी स्पष्ट सांगितलं. या वेळी कुणी मान खाली घातली नाही. त्यांनी लगेच सुट्ट्यांचा हिशेब मांडला.

निघताना बेसवाल्याने हेडफोन मागितले. डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं, मग तिसऱ्या कडव्यावर मागे नेऊन परत ऐकलं, आणि परत.

‘दादा, इथे मी चुकलोय. किकच्या आधीच पडतोय. हे मला कधी कळलंच नव्हतं.’

खरंच चुकला होता. माझ्याही कानातून ते निसटलं होतं. पुढच्या रविवारी रात्रपाळी नाही, बेस घेऊन येतो, असं म्हणाला आणि वेळ ठरवूनच खाली उतरला.